शिकागोजवळ, म्हणजे साडेसातशे किलोमीटरवर

"मग, अमेरिकेत कुठं असतोस?"

हे विचारणाऱ्याकडे पुढचं वाक्य आधीच तयार असतं. मी फक्त योग्य गावाचं नाव घ्यायचं. 'न्यू जर्सी' म्हटलं की 'आमच्या साडूंचा मुलगा तिथंच आहे', 'कॅलिफोर्निया' म्हटलं की 'घरं फार महाग ना तिकडं', 'टेक्सास' म्हटलं की 'उकाडा आपल्यासारखाच म्हणे'. मी 'ओमाहा' म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा लिफ्टमध्ये रेंज गेलेल्या फोनसारखा होतो.

मागच्या डिसेंबरात सांगलीला पुतणीच्या लग्नात हा प्रसंग माझ्यावर पहिल्या दिवशी अकरा वेळा आला. मोजायचं कारण, मी बायकोशी पैज लावली होती. ती म्हणाली होती, "वीस." अकरा झाल्यावर मी जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन लपलो म्हणून, नाहीतर तीच जिंकली असती.

"ओमाहा? हे कुठं आलं?" आत्यानं विचारलं.

"नेब्रास्कात."

"नेब्रास्का तर मी घेते की रोज. जेवणाआधी अर्धा तास."

आत्या निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. तिचा दोष नाही. आमच्याकडच्या नकाशातली अमेरिका म्हणजे दोन किनारे आणि मधे शिकागो. ही गावं माणसांमुळं पाठ झालेली असतात, आकारामुळं नाही. शिकागोला स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला भाषण केलं आणि त्या शहराला आपल्याकडे कायमचा तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला. न्यू जर्सीचं तर विचारूच नका. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत गेल्या, शिकल्या फिलाडेल्फियात, १८८६ साली डॉक्टर झाल्या, पण आधी मुक्कामाला उतरल्या त्या रोझेलला, कार्पेंटरबाईंच्या घरी. रोझेल कुठं? न्यू जर्सीत! म्हणजे पहिल्यांदा जर्सीत कुणाकडे तरी टेकायचं आणि मग पुढचं बघायचं, ही मराठी माणसाची रीत एकशेचाळीस वर्षं जुनी आहे.

आत्याला पोकिप्सी माहीत आहे. न्यूयॉर्क राज्यातलं गाव, तीसेक हजार वस्तीचं. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी तिथल्या आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या, हे आत्या वर्गात सांगायची आणि सांगताना रडायची. पोकिप्सीचा उच्चारही ती माझ्यापेक्षा नीट करते. ओमाहाची वस्ती २०२० च्या जनगणनेत चार लाख शाऐंशी हजार भरली होती. पण आमच्या गावात कुणा आनंदीबाई उतरल्या नाहीत, त्याला मी काय करू?

बरं, माणूस नसला तरी एखादा पदार्थ पुरतो. केंटकी बघा. अमेरिकेतही केंटकीला उठून कुणी फारसं जात नाही, पण जगाच्या पाठीवर कुठल्याही शहरात पोराला विचारा, त्याला केंटकी माहीत असतं, तळलेल्या कोंबडीसकट. गंमत अशी, की ते 'केंटकी फ्राइड चिकन'चे दाढीवाले कर्नल सँडर्स जन्मले इंडियानात आणि त्यांची पहिली फ्रँचायझी १९५२ साली निघाली युटातल्या सॉल्ट लेक सिटीत. केंटकीनं चुलीला जागा आणि नाव दिलं आणि बसल्या जागी जगप्रसिद्ध झालं. आमच्या नेब्रास्कातल्या हेस्टिंग्ज गावात १९२७ साली कूल-एडचा शोध लागला. पाण्यात कालवायची रंगीत पूड. अमेरिकन पोरं तिच्यावर वाढली. पण पाकिटावर हेस्टिंग्ज लिहायचं कुणाला सुचलं नाही. मार्केटिंगमध्ये मार खाल्ला आम्ही.

आणि नुसतं माहीत असूनही भागत नाही. माझी मावसबहीण अटलांटात असते, जॉर्जिया राज्यात. वय बेचाळीस, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. 'मुलगी जॉर्जियात असते' असं मावशीनं सांगितलं की समोरच्या बाईच्या डोळ्यांत सहानुभूती दाटते आणि आवाज खाली येतो: "नीटला थोडक्यात हुकलं का हो?" कारण आपल्याकडून एमबीबीएसला पोरं ज्या जॉर्जियात जातात ते तिबिलिसीवालं, कॉकेशसमधलं. मावशीनं चार वर्षं खुलासे केले. आता म्हणते, "हो, शेवटच्या वर्षाला आहे."

सिएटलचा मित्र तसाच. तो वॉशिंग्टन राज्यात राहतो, म्हणून त्याच्या सासऱ्यांनी गावभर सांगितलंय की जावई व्हाइट हाउसच्या मागच्या गल्लीत असतो. मधे पावणेचार हजार किलोमीटर आहेत. पण सासऱ्यांना कोण दुरुस्त करणार? विशेषतः दिवाळसणाला.

तर नेब्रास्का. क्षेत्रफळ दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोनतृतीयांश. माणसं वीस लाखांच्या आसपास. गुरं माणसांच्या तिपटीच्या आसपास. मका जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत आणि नजर फार लांब जाते, कारण मधे आडवं यायला काही नाही. समुद्राचं म्हणाल, तर या राज्याचा एक विक्रम आहे: कुठल्याही दिशेनं निघा, समुद्राचं पाणी बघायला मधली निदान तीन राज्यं ओलांडावी लागतात. अमेरिकेत असं दुसरं राज्य नाही. आणि तरी एकदा पॅरिसच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं 'राहता कुठं?' विचारलं, मी 'ओमाहा' म्हटलं, तर त्याचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा! मी भारावून त्याच्याकडे बघतोय तोवर तो म्हणाला, "आ! बीच!" दोस्तांच्या फौजा ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ज्या किनाऱ्यावर उतरल्या, त्यातल्या एकाचं सांकेतिक नाव ओमाहा होतं. थोडक्यात, आमचं गाव जगात ओळखलं जातं ते त्याच्याकडे नसलेल्या समुद्रकिनाऱ्यासाठी.

खुद्द अमेरिकेतही आमची पत बेताचीच. लोकांना कुठल्या राज्यात फिरायला जावंसं वाटतं, याची एक पाहणी निघते. तिच्यात नेब्रास्का सलग चार वर्षं शेवटून पहिलं आलं. मग २०१८ साली पर्यटन खात्यानं नवं घोषवाक्य काढलं. त्याचं मराठी असं होईल: 'खरं सांगायचं तर, हे सगळ्यांसाठी नाही.' ही जाहिरात मी पहिल्यांदा बघितली तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबलो. सदाशिव पेठेतल्या दुकानावरची पाटी सरकारी खर्चानं इंग्रजीत केली होती! त्या दिवशी मला नेब्रास्का पहिल्यांदा आपलं वाटलं. खाली 'दुपारी १ ते ४ बंद' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

या अनोळखीपणाचा खरा त्रास आईला होतो. फ्लोरिडात वादळ आलं की तिचा फोन. "खिडक्या लावल्यास का?" फ्लोरिडा आमच्यापासून दोन हजार किलोमीटर, पण टीव्हीवर अमेरिकेचा नकाशा लाल झालेला असतो आणि मुलगा त्यातच कुठंतरी. लॉस एंजेलिसला वणवे लागले तेव्हा 'गॅलरीतले कपडे आत घे' असं सांगायला रात्री दोनला फोन. आणि २६ एप्रिल २०२४ ला खरोखरची टोर्नेडो आमच्या ओमाहात आली. एल्कहॉर्न भागातली घरंच्या घरं उडाली. भोंगे वाजतायत, आम्ही तिघं तळघरात, हातात टॉर्च, शेजारी पाण्याच्या बाटल्या आणि बायकोनं धावत उचलून आणलेला लोणच्याचा बरणा. (लोणचंच का, हे तिलाही सांगता आलं नाही. सासूबाईंनी दिलेलं होतं, एवढंच.) त्या रात्री भारतातून एकही फोन नाही. दुसऱ्या दिवशी न राहवून मीच केला.

"अगं, आमच्याकडे टोर्नेडो आली होती."

"टीव्हीवर तर काही नाही," आई म्हणाली. आवाजात काळजी नव्हती, किंचित संशय होता. "बरं, जेवलास का?"

ओमाहा ओळखणारा आमच्या अख्ख्या खानदानात एकच माणूस: शेअरमार्केटवाले बापूकाका. शेअरबाजारातले बडे गुंतवणूकदार वॉरन बफे तिथले. १९५८ साली एकतीस हजार पाचशे डॉलरला घेतलेल्या घरात अजून राहतात. त्यांच्या कंपनीची वार्षिक सभा मे महिन्यात भरते आणि जगभरातून हजारो भक्त येतात. आषाढी एकादशीला पंढरपुरात जे खोल्यांच्या भाड्याचं होतं, तेच त्या दोन दिवसांत आमच्या हॉटेलांचं होतं. बापूकाका मला भेटले की माझी नाही, बफेंची तब्येत विचारतात. "दिसतात का रे कधी भाजी घेताना?" एकदा मी गंमत म्हणून 'हो' म्हटलं, तर पुढचा अर्धा तास त्यांनी काय भाजी घेतली यावर गेला. पण २०२५ च्या सभेत बफेंनी वर्षाअखेर मुख्य पद सोडणार म्हणून जाहीर केलं आणि माझा तोही आधार सुटत चालला. "आता तिथं राहून काय करणार तू?" असं बापूकाकांनी मला गंभीरपणे विचारलं.

या सगळ्याला कंटाळून मी मध्यंतरी 'शिकागोजवळ' म्हणायला लागलो. जवळ म्हणजे साडेसातशे किलोमीटर. गाडीनं सात-साडेसात तास. मधे अख्खं आयोवा आडवं पसरलेलं. पण 'शिकागो' म्हटलं की समोरचा सुटकेचा श्वास टाकतो, विवेकानंदांचं नाव घेतो आणि आम्ही दोघं जेवायला मोकळे होतो.

लग्नात मात्र तेही जमलं नाही. कारण मी यायच्या आधीच वडिलांनी खरं सांगून टाकलं होतं आणि ते एका कानातून दुसऱ्या कानात जाता-जाता ओमाहातला 'हा' कुठंतरी गळाला. अक्षता पडल्या, मी जिलेबीकडे सरकतोय, तेवढ्यात शेजारचे तात्या एका तरुणाच्या दंडाला धरून आले.

"हा आमच्या मेहुण्याचा. तुमच्या तिथलाच की! ओमानला असतोय. म्हटलं गाठ घालून द्यावी, परमुलखात एकमेकाला धरून असावं."

"तात्या, मी ओमानला नाही, ओमा..."

"व्हय व्हय, तेच," म्हणून तात्यांनी आम्हाला दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसवलं आणि जाताना मला बजावलं, "पुढच्या खेपेला खजूर आणा. मागच्या वेळी विसरलात."

मला आठवलं, मागच्या वेळी मी त्यांना बदाम दिले होते. ते त्यांनी खाली मान घालून घेतले होते. आता कळलं का.

पोरगा पंचविशीतला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. दोघंही थोडा वेळ मठ्ठ्यातली कोथिंबीर न्याहाळत बसलो. मग मीच म्हणालो, "मस्कतला का?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. तात्या आहेराच्या पाकिटांपाशी होते.

"तुम्हाला म्हणून सांगतो दादा. मस्कत नाही. सलालाला असतो मी. एका हॉटेलात, एसी मेंटेनन्सला. मस्कतपासून हजार किलोमीटर लांब. पण इथं सलाला कुणाला कळतंय? आईला बायका विचारायच्या, 'सलाईन लावलंय का पोराला?' मग मीच म्हटलं, मस्कत सांगत जा."

मी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला आणि त्याचा हात हातात घेतला. चौदा वर्षांत मला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याला मला काहीही समजावून सांगावं लागणार नव्हतं.

"आणि तुम्ही?"

"मी शिकागो सांगतो. साडेसातशे किलोमीटर."

"मंग बरंच जवळ हाय की," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

पुढं आमचं छान जमलं. तो मूळचा आटपाडीच्या पलीकडच्या वाडीतला. सांगलीत आला की आटपाडी सांगतो, मुंबईत सांगली सांगतो आणि सलालाला मुंबई. मी ओमाहात गेल्या गेल्या ऑफिसात 'सांगली' सांगून बघितलं होतं. साहेबानं दोनदा स्पेलिंग विचारलं, मग मीच म्हटलं, 'मुंबईजवळ'. पावणेचारशे किलोमीटर. त्या पोराला त्यात फारसं धाडस वाटलं नाही. म्हणाला, सलालात खरीपाच्या महिन्यांत धुकं पडतं, डोंगर हिरवे होतात, अगदी आपल्या आंबोलीसारखं. पण ओमान म्हटलं की लोक वाळूच धरून बसतात. मी त्याला मक्याचं सांगितलं. त्याला मक्यात मनापासून रस होता. एकरी उतारा किती, ठिबक आहे का, मजूर मिळतात का, डुकरांचा त्रास होतो का. ओमाहाबद्दल इतके नेमके प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते.

तेवढ्यात स्टेजवरून माईक खरखरला. ग्रुप फोटो चालले होते. वधूकडचे पुणेकर झाले, मामाकडचे मिरजकर झाले. मग तात्यांचा आवाज आला, "ओमानची पार्टी! ओमानवाले कुठं गेले? लौकर या, फोटोग्राफर थांबलाय!"

बायको लांबून माझ्याकडे बघून हसत होती. मी मघाशी हाताला लागलेला जिलेबीचा पाक रुमालाला पुसला, त्यानं शर्टाची कॉलर नीट केली.

"चला दादा," तो म्हणाला आणि आम्ही दोघं स्टेजवर गेलो.