छडीने शुद्धलेखन सुधारतं म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरला. ‘आमच्या वेळी डिस्लेक्सिया नव्हता, छडी होती. मराठी बोलतो तशीच लिहितो, मग चुका होतातच कशा? पन्नासदा लिहा, आपोआप सुधारेल. बाकी सगळी परीक्षेत जादा वेळ मिळवायची युक्ती.’ खाली काकांचे तीन अंगठे. मी चाळिशीतला डिस्लेक्सिक, म्हणजे बुद्धी ठीक पण वाचन-लेखनात अडखळणारा, तेव्हा बोलणं भाग आहे.

‘आमच्या वेळी नव्हता.’ 1896 साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, पण स्वतःचं नाव ‘प्रेसी’ लिहिलं आणि चूक दाखवूनही पटकन ध्यानात येईना. काका, तेव्हा तुमचे आजोबाही लहान असतील.

‘बोलतो तशीच लिहितो.’ खरंच? ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क; बोलताना उलट. ‘चार चाकं’ मोठ्याने म्हणून बघा, दोन्ही च सारखे वाटतात का? ‘कवी’ दीर्घ, ‘कविता’ ऱ्हस्व, हे कोणत्या कानाला ऐकू येतं? कानावर भागलं असतं तर 1962 साली शुद्धलेखनाचे नियम ठरवावे लागले नसते.

‘पन्नासदा लिहा.’ लिहिलंय. ‘परीक्षा’ हा शब्द. आईने ती वही जपून ठेवली आहे. पहिल्या पाच ओळी वर बघून उतरवलेल्या, बरोबर. मग परिक्षा, परीश्का, एके ठिकाणी नुसतंच परीका. आळशी पोरगा एकच चूक पन्नास वेळा इमानाने करतो. मला चूकसुद्धा पाठ होत नव्हती. छडीने एवढंच झालं की मी ‘परीक्षा’ सोडून ‘पेपर’ लिहायला लागलो. निबंधात बरोबर लिहिता येणारे शब्दच वापरायचे, सुचलेले नाहीत. पुढे एका बाईंनी शब्द तोडून, एकेक आवाज बोटाने रेतीत गिरवून घेतला. सराव तोही होता, पण वेगळा.

‘जादा वेळाची युक्ती.’ त्यासाठी आधी माझे डोळे तपासले, कान तपासले, बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखनाची. चार खेपा आणि आईच्या चार रजा. एवढ्या खटाटोपात युक्तीबाज पोरगं अभ्यास करून मोकळं होईल. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता नावानिशी आहे, डिस्लेक्सिया त्यातलाच.

जाता जाता, काका: मेसेजमध्ये ‘शुध्दलेखन’ छापलंय. द आधी, ध नंतर. हे मला रेतीत गिरवून पाठ झालंय.