आईच्या फोनवर आलेला मेसेज आणि त्याला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मासीबा आल्या होत्या. भाचीला मुलगा झाला, त्याची बधाई, म्हणजे आशीर्वादाची दक्षिणा, घ्यायला. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गुजरातेत तृतीयपंथीयांना आदराने मासीबा म्हणतात. माझ्या लहानपणापासून आमच्याकडे याच येतात. माझ्या लग्नात आल्या होत्या. बाबा गेले तेव्हा पैशाचं नाव न काढता दाराशी आईचा हात धरून बसल्या होत्या. या वेळी आईने जाळीचं दार उघडलंच नाही. बाळाला आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. मासीबा जिन्यात थोडा वेळ थांबल्या, मग निघून गेल्या.

मामांनी त्याच सकाळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. 'प्रत्येक पालकाने वाचा' म्हणून सुरुवात. त्यात म्हटलंय ते असं: टीव्हीवाले किन्नरांना मुद्दाम चांगलं दाखवतात, हे परदेशातून आलेलं खूळ आहे. ते बघून आपली मुलं तशीच होतील. हा मुळात मानसिक आजार आहे. आता प्रत्येक मालिकेत हेच चालतं. खरे किन्नर लोकांना लुबाडतात आणि मुलं पळवून नेऊन त्यांना आपल्यासारखं करतात. म्हणून अशा मालिकांवर बहिष्कार टाका.

ग्रुपवर मी दोन ओळी लिहिल्या तर 'जाऊ दे गं' असं उत्तर आलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

परदेशी खूळ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत पाहिलेलं आहे. विराटाच्या दरबारात उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नला त्यात होती. अर्जुनाचं ते रूप शापामुळे आणि अज्ञातवासाच्या एका वर्षापुरतं होतं, हे मला माहीत आहे. पण शिखंडीची कथा कुठल्या परदेशातून आली? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात जो निकाल दिला, त्यात रामायण-महाभारतातले दाखले इतिहास म्हणून नोंदवलेले आहेत. त्याच निकालाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली आणि आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. आणि आपण तर बडोद्याचे. मेहसाणा जिल्ह्यातली बहुचराजी ही किन्नर समाजाची देवी. तिथलं मोठं देऊळ अठराव्या शतकात गायकवाडांच्याच घराण्यातल्या मानाजीरावांनी बांधलं. मामांच्या दोन्ही मुलांचं जावळ तिथेच काढलेलं आहे, मी स्वतः हजर होते.

आता मुलं पळवण्याबद्दल. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा मुद्दा जीवघेणा आहे, म्हणून यावर जास्त लिहिते.

हा आरोप कुठून आला ते आधी बघा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा दुसरा भाग खास या समाजासाठी होता. मुलं पळवल्याचा किंवा त्यांना नपुंसक केल्याचा 'संशय' असलेल्यांची नावं आणि मालमत्ता सरकारी रजिस्टरात लिहायची, असं त्यात ठरलं. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती, संशय पुरेसा होता. रजिस्टरात नाव असलेला माणूस बाईच्या वेषात रस्त्यावर दिसला किंवा लोकांसमोर नाचला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवला तरी तीच शिक्षा. 'नालसा'च्या निकालात या कायद्याचाही उल्लेख आहे. परदेशातून काही आलंच असेल तर हा संशय आला. दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाचं वाक्य मामांनी मराठीत, हात जोडलेल्या इमोजीसकट, पुढे पाठवलं.

आणि हे वाक्य ग्रुपवरच राहत नाही. २०१८ आठवा. मे महिन्यात हैदराबादमध्ये अशाच अफवेवरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीला ठार मारलं. जूनमध्ये अहमदाबादच्या वाडज भागात भीक मागणाऱ्या एका बाईला मुलं पळवणारी समजून ठार मारलं. अहमदाबाद आपल्यापासून दोन तासांवर आहे. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी भिक्षा मागत फिरत होते. यांतल्या एकानेही कोणाचं मूल पळवलेलं नव्हतं. ज्यांनी ते मेसेज पुढे पाठवले होते, त्यांनाही त्या दिवशी आपण जबाबदार पालक आहोत असंच वाटलं असणार.

आमच्या मासीबा त्या दिवशी जिन्यात उभ्या होत्या. खालच्या मजल्यावर याच मेसेजने घाबरलेलं दुसरं कोणी असतं आणि त्याने आरडाओरडा केला असता तर? मला त्या रात्री झोप लागली नाही.

लुबाडण्याचं म्हणाल तर, हो, ट्रेनमध्ये आणि सिग्नलला काही जण दमदाटी करून पैसे मागतात. लग्नघरी अडून बसतात. मला स्वतःला सुरतच्या गाडीत हा अनुभव आलाय आणि मला राग आला होता. ते मी नाकारणार नाही. पण वडिलांनी घराबाहेर काढलं, शाळा सुटली, कामावर कोणी ठेवत नाही, खोली कोणी भाड्याने देत नाही, अशा माणसाने उद्या सकाळी काय करायचं, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. सगळी सिग्नलवर नाहीत. कोइम्बतूरच्या एका वाहिनीवर पद्मिनी प्रकाश २०१४ च्या स्वातंत्र्यदिनापासून बातम्या देऊ लागल्या. त्याच्याही आधी, २००८ साली, रोझ वेंकटेसन तमिळ वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम चालवत होत्या.

बघून मुलं तशी होतात? आपल्या आजोबांच्या पिढीने बालगंधर्वांची नाटकं रात्र रात्र जागून पाहिली. बायकांनी त्यांच्यासारखी नऊवारी नेसायला घेतली. ते नाटकातलं स्त्रीपार्ट होतं, तृतीयपंथी असणं वेगळं, दोन्ही एक नाहीत. पण नुसतं बघून जर मुलगे बदलत असते, तर ते आधी त्या प्रेक्षकांच्या घरात झालं असतं. उलट तृतीयपंथी मुलांनी लहानपणापासून पडद्यावर फक्त तुमच्या-माझ्यासारखीच माणसं पाहिलेली असतात, तरी ती आमच्यासारखी होत नाहीत. बघण्याचा परिणाम होतो तो बाकीच्यांवर. अमेरिकेत एका मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये 'सेक्स रोल्स' या नियतकालिकात आला. ज्यांनी त्या मालिकेत तृतीयपंथी पात्राची गोष्ट पाहिली होती, त्यांचं मत या माणसांबद्दल जास्त आपुलकीचं निघालं. मेसेजवाल्यांना नेमकं हेच नको आहे.

मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या नव्या यादीत हे मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढलं. ती यादी २०२२ पासून लागू आहे. विषय संपला.

प्रत्येक मालिकेत हेच चालतं, हे तर संध्याकाळी सात ते दहा रिमोट हातात धरून कोणीही तपासावं.

मालिकांची बाजू मी सरसकट घेत नाही. कलर्सवरची 'शक्ती' २०१६ पासून पाच वर्षं चालली. तिची नायिका किन्नर, पण ती भूमिका रुबीना दिलैकने केली, म्हणजे जिची ती गोष्ट आहे तिला काम मिळालंच नाही. आणि चांगलं दाखवायचं म्हणजे सतत त्याग करणारी, रडणारी, आशीर्वाद देणारी बाई दाखवायची, हेही मला खटकतं. मासीबांना गुडघेदुखी आहे, त्या भाजीवाल्याशी घासाघीस करतात, त्यांना रागही येतो. तेवढं साधं माणूस मालिकेत क्वचित दिसतं. झी मराठीच्या 'कारभारी लयभारी'त गंगा ही ट्रान्स अभिनेत्री होती. आई तिच्यासाठी जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची. 'किती गोड बोलते पोर' म्हणायची. तीच आई एका मेसेजने कडी लावून बसली. चांगलं पात्र वर्षातून एकदा येतं, मेसेज रोज येतात.

त्याच 'नालसा' निकालात सरकारांना आणखी एक आदेश आहे: समाजात जागृती करा, म्हणजे ही माणसं समाजाचाच भाग आहेत असं त्यांना वाटेल आणि त्यांना अस्पृश्यासारखं वागवलं जाणार नाही. एखादी मालिका हे काम चांगलं करत असेल, तर ती न्यायालयाने सांगितलेलंच करते आहे. आणि बडोद्याने तर यात पाऊल पुढे टाकलेलं आहे. २५ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारच्या 'गरिमा गृह' या निवारा योजनेतल्या पहिल्या घराचं उद्घाटन आपल्याच शहरात झालं. लक्ष्य ट्रस्टबरोबर ते चालवलं जातं. घरातून हाकललेल्यांना तिथे जेवण, राहायला जागा आणि काम शिकायची सोय आहे. मामांना हे माहीतच नव्हतं.

मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, मला पुढून आला, मी पुढे ढकलला." मी म्हटलं, "मामा, मग हेही तसंच पुढे ढकला, ज्या ग्रुपवरून तो आला तिथे." त्यांनी हो म्हटलंय, अजून पाठवलेलं नाही. आईला मी हे सगळं काल रात्री वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, मासीबा राहतात कुठे, तुला ठाऊक आहे का. इतकी वर्षं त्या आमच्या दारी येतात, आणि मला ते सांगता आलं नाही. आज वाडीत जाऊन विचारणार आहे.