खुलासा : ‘एलिझाबेथकिंगिया ॲनोफेलिस’ या जिवाणूचा संसर्ग डासाच्या चाव्याने होतो का?

‘ॲनोफेलिस डासामुळे नवा जीवघेणा जिवाणू पसरतोय, नावातच पुरावा आहे’ हा संदेश चुकीचा आहे. नाव सांगते ते फक्त पहिला प्रमाण-वाण (जातीचा अधिकृत नमुना) कुठे सापडला ते : ॲनोफिलिस गॅम्बिए डासाच्या आतड्यात. जाती २०११ मध्ये जाहीर झाली. ‘एलिझाबेथकिंगिया’ हे प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) नाव ब्रिटनच्या राणीचे नव्हे, तर नवजातांच्या मेंदूज्वरातील जिवाणूचे १९५९ मध्ये वर्णन करणाऱ्या अमेरिकी जिवाणूतज्ज्ञ एलिझाबेथ किंग यांचे.

नवी जाती अशी सहज ठरत नाही. जीनोमची (संपूर्ण जनुकीय माहितीची) तुलना करतात; ज्ञात जातींशी सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांखाली असावे लागते. शिवाय जिवंत वाण दोन वेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो.

खरी अडचण प्रयोगशाळेत आहे. प्रथिनांच्या ठशावरून जिवाणू ओळखणाऱ्या माल्डी-टॉफ यंत्राच्या जुन्या माहितीसंचात ही जाती नव्हती, म्हणून अहवालात याच प्रजातीतील दुसऱ्या जातीचे नाव, ‘मेनिंगोसेप्टिका’, छापून येई. अशा अहवालावर शंका असेल तर संच अद्ययावत आहे का ते पाहावे, जीनोम वाचून खात्री करावी. जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम रंगचाचणीतील एक गट) असल्याने कार्बापेनेम किंवा कोलिस्टिन ही प्रतिजैविके सुरू होतात, पण या दोन्हींना तो मुळातच दाद देत नाही, आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

धोका नवजात, वृद्ध आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांना. सिंगापूरमधील २०१२ च्या उद्रेकात तो हात धुण्याच्या बेसिनच्या नळांवर सापडला. म्हणून हात धुण्याच्या बेसिनमध्ये रुग्णांचे स्राव ओतू नयेत, उपकरणे विसळू नयेत.