काळी एक आणि फर्स्ट शिफ्ट

कुपवाड एमआयडीसीत प्रॉडक्शन मॅनेजर असलेल्या माणसानं शास्त्रीय गाणं शिकू नये असा काही नियम नाही, निदान कंपनीच्या कुठल्या सर्क्युलरमधे तरी माझ्या वाचनात आलेला नाही. असायला पाहिजे होता असं आमच्या हिचं मत आहे, आणि तंबोरा घरात आल्यापासून ते मत जरा जास्तच ठाम झालंय.

आता तंबोरा घ्यायचा तर मिरजेचाच, सांगलीत राहून दुसरीकडनं आणला तर लोक तोंडात शेण घालतील. सतारमेकर गल्लीत गेलो तर तिथं हे मोठ्ठे वाळलेले भोपळे रचून ठेवलेले, ते खायचे नव्हेत, मंगळवेढा-पंढरपूरकडचे शेतकरी खास वाद्यांसाठी पिकवतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय ही माहिती मी घरी मोठ्या अभिमानानं दिली तर आई म्हणाली, "म्हणजे आता आणखी महाग." बायकोनं तंबोऱ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "अहो, हा राहणार कुठं?" सध्या तो गवसणी घालून कपाट आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या फटीत राहतो, आणि मशीन स्पिनला गेलं की आपोआप झंकारतो, कुठल्या पट्टीत ते विचारू नका.

माझी पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी एक, पेटीवरची पहिली काळी. तारा चारच. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, शेवटची पितळी, खर्जाची म्हणजे खालच्या षड्जाची. ऐकायला सोपं वाटतं. खुंटी पिळायची, सूर जवळपास आला की घोडीमागचे, म्हणजे तारा जिच्यावरनं जातात त्या पट्टीमागचे, मणी सरकवून नेमका आणायचा, आणि मग राहिला दोरा. हा दोरा म्हणजे साधा सुती धागा हो, घोडीवर प्रत्येक तारेखाली घातलेला, तो केसभर पुढंमागं केला की एका जागी अशी येते की तार नुसती टण्ण वाजायची थांबते आणि गुंजायला लागते, जवारी लागली म्हणतात ती हीच. जागा चुकली की पुन्हा टण्ण. आमच्या मशीन शॉपला मायक्रॉनमधे काम चालतं पण तिथं गेज असतं, इथं स्वतःच्या कानावर भरवसा ठेवायचा, आणि तो कान दिवसभर ग्राइंडिंगच्या आवाजात. त्यात पावसाळ्यात हवा दमट झाली की खुंटी कधी अडकून बसते तर कधी सरसर फिरून मागं येते, मग तिच्यावर खडू घासायचा. लेकीच्या फळ्याचे खडू नक्की कोण संपवतं याची आमच्याकडं एकदा चौकशी बसली होती, मी तोंडातनं शब्द काढला नाही.

तर मुद्दा असा, की मला रोज पहाटे साधारण वीस मिनिटं मिळतात आणि तंबोरा लागायला साधारण वीस मिनिटं लागतात.

पंचम होत येतो तेव्हा दूधवाला. पहिला जोड लागतो तेव्हा नाइट शिफ्टच्या सुपरवायझरचा फोन, "सर, फर्नेस ट्रिप झालीय, काय करायचं?" आता फर्नेस ट्रिप झाल्यावर काय करायचं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे, पण मॅनेजरला झोपेतनं उठवल्याशिवाय ती सुरू होत नाही अशी काहीतरी समजूत आहे. आणि मी जागाच असतो याचं त्याला फार वाईट वाटतं. दुसरा जोड लागतो तेव्हा नळाला पाणी. खर्जावर बोट ठेवेपर्यंत आतनं हाक, "अहो, डबा भरू का आज कँटीनला खाताय?" चारी तारा एकदाच्या जुळतात, मी डोळे मिटतो, तोंड उघडतो, आणि फर्स्ट शिफ्टची गाडी खाली हॉर्न मारते.

मॅनेजरच आहे म्हटल्यावर मी हा प्रॉब्लेम मॅनेजरसारखा सोडवायला घेतला. रूट कॉज अॅनालिसिस केलं, रूट कॉज निघाला संसार, तो कागद फाडून टाकला. मग रात्रीच तंबोरा लावून ठेवायला लागलो, म्हणजे सकाळी सेटअप टाइम शून्य. पण रात्रभर पंखा, पहाटेचा गारठा, सकाळी चारी तारा चार दिशांना. लेक म्हणाली, "पप्पा, अॅप आहे की, बटण दाबलं की काळी एक." ते मीही ऐकलंय, सूर अगदी चोख असतो, पण त्यात भोपळा नाही हे कळतं. हिनं मात्र अॅपची बाजू उचलून धरली, वाचलेल्या वेळात पाण्याचं पिंप भरून होईल म्हणून.

या सगळ्यात गळा आहे तिथंच राहिला, पण कान भलताच तयार झाला. कंपनीचा ट्रान्सफॉर्मर शंभर हर्ट्झला गुणगुणतो, आपली लाइन पन्नासची ना, त्याची दुप्पट, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. हे एकदा रिजेक्शनच्या मीटिंगमधे माझ्या तोंडून निघून गेलं. एमडींनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि मेंटेनन्सवाल्याला म्हणाले, "चढलाय म्हणतायत, चेक करून घ्या." त्यानं खरंच तेल चेक केलं.

रविवारी गाणं शिकायला आमच्या बुवांकडं मिरजेला जातो. हे गावच विचित्र आहे. विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून इलाजाला इथं आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकून गवई होऊन बाहेर पडले. त्यामुळं मिरजेला जाऊन माणसाचं काय होईल सांगता येत नाही, असं मी घरी सांगत असतो. माझं झालं ते असं की बुवांनी परवा माझा अर्धा मिनिट आलाप ऐकला, थांबवलं आणि म्हणाले, "साहेब, गाण्याचं बघू पुढं. पण तंबोरा काय लावता हो तुम्ही!" तेव्हापासून क्लासातले सगळे आपापले तंबोरे माझ्यापुढं आणून ठेवतात, कॉलेजची पोरं तर सरळ "काका, माझा पांढरी चार" सांगून चहाला जातात. माझा नंबर येईपर्यंत क्लास सुटतो.

आता एमडींच्या कानावर गेलंय की मी गातो. त्यांनी केबिनमधे बोलावून घेतलं, यंदा खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली की तुमचं गाणं ठेवूया, दहा मिनिटं पुरेत. म्हटलं, "सर, दहा मिनिटांत फक्त पंचम आणि एक जोड होईल."

"चालेल की," ते म्हणाले, "तेवढ्यात पेढे वाटून होतात."