एरिया ५१ आणि तिथली माणसं

एरिया ५१ या अमेरिकेच्या गुप्त हवाई तळाचा विषय निघाला की गप्पा थेट परग्रहवासीयांवर जातात. २०१९ मध्ये तर तिथे घुसायच्या फेसबुकवरच्या एका इव्हेंटला २० लाखांवर लोकांनी ‘येतो’ म्हणून कळवलं होतं. तिथे राबलेल्या कामगारांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, आणि मला त्याचाच राग येतो.

नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेक नावाचं कोरडं तळं आहे. सपाट, टणक, चहूबाजूंनी निर्जन. १९५५ मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने यू-२ या हेर विमानाच्या चाचण्यांसाठी ही जागा निवडली. हाच एरिया ५१. हे विमान ६० हजार फुटांच्याही वर जायचं. तेव्हाची बहुतेक प्रवासी विमानं २० हजारांच्या आतच उडायची. संध्याकाळी खाली अंधारून आलेलं असायचं आणि तिकडे उंचावर यू-२ चे चंदेरी पंख उन्हात झळकायचे. उडत्या तबकड्यांच्या कितीतरी तक्रारी यातूनच आल्या, असं सीआयएच्याच इतिहासात लिहिलंय.

शीतयुद्ध चालू होतं, विमान लपवलं, हे मी समजू शकते. पुढचं नाही.

तळावरची घातक रसायनं उघड्या खड्ड्यांत टाकून जाळली जायची, असं कामगारांचं म्हणणं होतं. रॉबर्ट फ्रॉस्ट तिथे पत्र्याचं काम करायचा. त्याच्या अंगावर खवल्यांसारखे चट्टे उठले. १९८९ मध्ये तो गेला. त्याच्या शरीरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं सापडली. १९९४ मध्ये त्याची बायको हेलन आणि काही कामगार कोर्टात गेले. दुसऱ्या मृत कामगाराची बायको स्टेला काझाही या लढ्यात होती. कामगारांनी नावं गुप्त ठेवली, कारण तोंड उघडलं तर तुरुंगाची भीती. काय जाळलं ते सांगा, म्हणजे नीट उपचार करता येतील, एवढंच त्यांना हवं होतं.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी या तळाला ती माहिती उघड करण्यापासून सूट दिली. पुढे कामगार खटलाही हरले. माहितीचे तुकडे जोडून शत्रू गुपितापर्यंत पोहोचेल, हा सरकारचा युक्तिवाद कोर्टाने मान्य केला.

अहो, पण वर्तमानपत्रात छापा असं कोण म्हणत होतं? गुप्ततेची शपथ घेतलेला एक डॉक्टर नेमायचा, त्याच्या हातात रसायनांची यादी द्यायची आणि या माणसांना तपासून घ्यायचं. जे सरकार वाळवंटात अख्खं गुप्त विमानतळ उभं करू शकतं, त्याला एवढं जमलं नसतं?