तरुण संघ वाढवण्याचे खात्रीचे उपाय

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, तरुण दिसत नाहीत ही ओरड हल्ली इतक्या ठिकाणी ऐकू येते की म्हटलं, आपल्या गाठीचं ज्ञान वाटून टाकावं. सात वर्षं मी आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. पद घेतलं तेव्हा संघात 34 मुलंमुली होती, आता 6 आहेत, आणि त्यातली 2 पाळकसाहेबांच्या घरची, म्हणजे त्यांना पळून जायची सोयच नाही. सल्ला द्यायला यापेक्षा मोठी पात्रता कोणती?

आजच लिहायला बसलो, कारण गेल्या शनिवारी आमच्या पंचांची, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीची, खास सभा झाली. विषय, 'तरुण पिढी मंडळीपासून दूर का जात आहे?' हजर 11 जण. त्यात सगळ्यात लहान मी, वय 31, आणि मला बोलावलं होतं ते इतिवृत्त लिहायला. त्या सभेचं पुढे सांगतोच. आधी उपाय.

सर्वप्रथम अध्यक्ष. तरुण संघाचा अध्यक्ष पंचेचाळिशीच्या आतला नको. ज्याची मुलगी यंदा बारावीला आहे असा मिळाला तर फारच उत्तम, त्याला तरुणांचे प्रश्न घरबसल्या कळतात. (मुलगी संघात येत नाही, ती गोष्ट वेगळी.) लंडनमध्ये 1844 साली कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने मित्रांना जमवून वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संस्था काढली, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. हा दाखला भाषणात जरूर द्या. फक्त 22 हा आकडा गाळा, उगाच कोणाच्या डोक्यात काही शिरायला नको.

संघाची सभा रविवारी दुपारी 3 ला ठेवा. जेवून झोपलेले येत नाहीत, क्लासवाले येत नाहीत, शिफ्टवाले येत नाहीत. खुर्च्या कमी लागतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय करा आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर छापलेलं वचन टाका.

वर्षातून एकदा युवक मेळावा घ्याच. पत्रिकेवर वेळ सकाळी 10 ची छापा आणि 11:40 ला प्रार्थनेने सुरुवात करा. मग सत्कार. श्रीफळ नको, आपण ख्रिस्ती, पुष्पगुच्छ द्या. बाकी शाल, फोटो, 'दोन शब्द' सगळं जसंच्या तसं. आमच्या मेळाव्यात 17 सत्कार झाले आणि त्यात पंचविशीच्या आतलं एकही माणूस नव्हतं. तरुणांना सहभाग मिळाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. खुर्च्या त्यांनी मांडल्या, पाणी त्यांनी वाटलं, पाहुण्यांना स्टँडवरून त्यांनीच आणलं. एक मुलगी साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभी राहणार होती. तिच्यासाठी 5 मिनिटं राखून ठेवली होती, ती आभारप्रदर्शनाला लागली.

वक्ता तासाच्या आत आटोपणारा बोलावू नका. बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, युतुखाची गोष्ट आहे ना? त्रोवसाला प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला हा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल धावत खाली गेला, त्याला कवटाळलं, मुलगा जिवंत निघाला, आणि मग पौल वर जाऊन पहाटेपर्यंत बोलला. आपले वक्ते यातला शेवटचा भाग तंतोतंत पाळतात. मधल्या धावत खाली जाण्याकडे त्यांचं लक्ष जात नाही. तेव्हा मेळावा तळमजल्यावर घ्या.

मुलगे आणि मुली दिसताक्षणी वेगळ्या बाकांवर बसवा. गाण्याच्या सरावानंतर दोघं जण गेटपाशी चार मिनिटं बोलताना दिसले की संध्याकाळपर्यंत महिला मंडळापासून मुलीच्या आत्यापर्यंत सगळ्यांना कळलं पाहिजे. हे दहा वर्षं नेटाने करा. मग त्याच मुलीच्या आईवडिलांना गाठून, चेहरा पाडून विचारा, "काय हो, मंडळीतलं स्थळ नाही का मिळालं?"

संगीताच्या बाबतीत ठाम राहा. पोरं ड्रम मागतील, हिंदी स्तुतिगीतं म्हणतील, गिटार स्टेजवर आणतील. त्यांना एकच सांगा, "आपल्याकडे टिळकांची पदं आहेत." आहेतच, आणि सुंदर आहेत. मला 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक काढून ती एकट्याने म्हणायला आजही आवडतं. पण ज्या नारायण वामन टिळकांच्या नावाने तुम्ही गिटार बंद करता, त्यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा चर्चमधून इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जात होती, आणि हा माणूस अभंग, ओवी, भजन, कीर्तन घेऊन आला. 1917 साली, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळा मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीही आणि न घेतलेल्यांसाठीही. ते आज आमच्या पंचांकडे आले असते तर त्यांना अर्ज करायला सांगितलं असतं. तीन प्रतींत.

की-बोर्ड कपाटात ठेवा. कपाटाची चावी खजिनदार काकांकडे ठेवा. काका आठवड्यातून चार दिवस शेतावर असतात.

हंगामाच्या सणाला, जेव्हा दान आलेल्या पिकाचा चर्चमध्ये लिलाव होतो, लिलावाचा भोपळा हातात धरून उभं राहायला एक उंच मुलगा लागतो, त्यासाठी संघ चालू असलेला बरा.

आता मुख्य उपाय, पैसा. तरुणांच्या हातात पैसा देऊ नये, पण तो गोळा त्यांच्याकडूनच करून घ्यावा. यासाठी नाताळाची कॅरल फेरी उत्तम. गेल्या डिसेंबरात आम्ही 9 रात्री फिरलो. ढोलकी, खंजिरी, दोन गिटार, आणि एक सांताक्लॉज, ज्याच्या दाढीचा कापूस तिसऱ्या रात्रीच निम्मा गळाला. मंडळीतली घरं तर केलीच, वाड्यावस्त्यांवरची लांबची घरंही केली, जिथे वर्षभर मंडळीचं कोणी फिरकत नाही. एका आजीने आम्हाला बसवून करंज्या खायला घातल्या आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन, अजून एक म्हणा." आम्ही चार म्हटली. थंडी अशी की ढोलकीचं चामडं सैल पडून आवाज निघेना, शेकोटीवर धरून तापवायची. रोज दीड वाजायचा. मुलींना घरपोच सोडायचं, सकाळी कोणाला कॉलेज, कोणाला एमआयडीसीची पहिली पाळी. शेवटच्या रात्री सगळ्यांचे घसे बसलेले, आणि आम्ही चर्चच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून डबा मोजत होतो. दहाच्या नोटा, पाचची नाणी, एक पाचशेची नोट निघाली तेव्हा पोरं ओरडलीच. एकूण 48,600 रुपये. ठरलं होतं की मे महिन्यात महाबळेश्वरला तीन दिवसांचं शिबिर. निम्म्या पोरांनी महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं.

डबा 'सुरक्षित राहावा म्हणून' खजिनदार काकांकडे द्यायचा असतो. तो नेऊन कोणी दिला? मी दिला. पावती मागितली नाही, कारण मोठ्या माणसाकडे पावती मागणं बरं दिसत नाही. तुम्हीही मागू नका.

फेब्रुवारीत चर्चच्या कंपाउंडला लोखंडी गेट बसलं. छान आहे, काळा रंग, वर सोनेरी क्रूस. बाजूला काळ्या दगडावर सर्व पंचांची नावं कोरली आहेत. एप्रिलमध्ये आम्ही शिबिरासाठी बस ठरवायला पैसे मागितले तर म्हणाले, अर्ज करा. केला. पुढच्या सभेत बघू म्हणाले. पुढची सभा मे संपता संपता झाली आणि उत्तर आलं, "सध्या निधी उपलब्ध नाही." कुठे गेला म्हणून विचारलं तर काकांनी फार मायेने खांद्यावर हात ठेवला, "अरे बाळा, पैसा देवाचा, देवाच्या घराला लागला."

आणि या गेटला रात्री 8 ला कुलूप लागतं. आमचा सराव 8 ला सुरू व्हायचा, कारण त्याआधी कोणी कामावरून सुटत नाही. तर उपाय असा, आणि हा कुठे शिकवत नाहीत, माझ्याकडूनच घ्या: पोरांकडून थंडीत गाऊन पैसे गोळा करून घ्यावेत, त्याच पैशांनी गेट करावं, आणि त्या गेटने पोरांना बाहेर ठेवावं. दरडोई खर्च शून्य.

आता शनिवारची सभा. एकेकाने कारणं सांगितली, मी लिहीत गेलो. मोबाइल. वेब सिरीज. आईवडिलांचे संस्कार. मग आमच्या गिटारवाल्या मुलीचा विषय निघाला. ती आता पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे आणि रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनेच्या गटाला, जाते. एक पंच म्हणाले, "पोरांना झगमगाट लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी ठराव झाला, मीच लिहिला: 'तरुणांना मंडळीकडे आकर्षित करण्यासाठी यंदा कॅरल फेरी अधिक मोठ्या प्रमाणावर काढण्यात यावी.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

सर्वानुमते! मी तिथेच बसलो होतो.

झगमगाट नाही हो. ती माझ्याशी बोलते, मला माहीत आहे. त्या फेलोशिपमध्ये दुसऱ्याच रविवारी तिला कोणीतरी विचारलं, "तू काय वाजवतेस?" आणि गिटार हातात दिली. आपल्याकडे ती सहा वर्षं वाजवत होती. तार तुटली की स्वतःच्या पैशाने आणायची. तुम्हा पंचांपैकी एकानेही तिला कधी विचारलं नाही की तार कितीला येते. जाताना ती पाळकसाहेबांना भेटून, सगळ्यांना सलाम करून गेली. शनिवारी अकरा जणांत तिचं नाव दोघांना आठवलं नाही. 'ती गिटारवाली' म्हणत होते.

तुम्हाला तरुण नको आहेत. तुम्हाला सतरंज्या उचलायला माणसं हवी आहेत, भाषण ऐकायला खुर्च्या भरलेल्या हव्या आहेत आणि वार्षिक अहवालात 'तरुण संघ' म्हणून एक परिच्छेद हवा आहे. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये. त्यावर दर युवक रविवारी उपदेश होतो, मी सात वेळा ऐकलाय, आणि सातही वेळा ज्यांना ते ऐकायची गरज होती ते व्यासपीठावर बसले होते. शौल राजाने तरुण दावीदाला गल्याथाशी लढायला पाठवताना आपलं चिलखत घालून तरी बघितलं. नाही झेपलं, त्याने काढून ठेवलं आणि गोफण घेतली. तुम्ही चिलखतही देत नाही आणि गोफण कपाटात बंद करून ठेवता, वर विचारता की गल्याथासमोर कोणी का जात नाही!

पोरांशी खोटं बोललात तुम्ही. आणि मी ते खोटं पोरांपर्यंत पोचवलं, 'मोठ्यांचा मान' म्हणून, मेपर्यंत रोज एकेकाला सांगत राहिलो की होईल, होईल. एका पोराने मला एवढंच विचारलं, "दादा, गेटवर आपलं नाव आहे का रे?" त्यानंतर तो आला नाही.

48,600 रुपयांचा हिशेब फळ्यावर लावा. पोरांना बोलावून, त्यांच्या समोर लावा. नसेल लावायचा तर यंदाची मोठी फेरी खुशाल काढा, मी त्यात नाही आणि उरलेल्या सहांतले चारही नाहीत, मी विचारलंय त्यांना. ढोलकी कपाटात डाव्या बाजूला आहे. चावी तुमच्याकडेच आहे.