पाणी किती आलं, एवढंच विचारतो आपण

नेदरलँड्समधल्या हेगजवळच्या शेवेनिंगनला, समुद्रापासून दहा मिनिटांवर, माझं घर आहे. आल्प्समधून निघालेल्या ऱ्हाईनचं बरंचसं पाणी इथून जवळच, रॉटरडॅमच्या पुढे समुद्राला मिळतं. मागच्या रविवारी लेकीने भरतीच्या रेषेवरून शिंपले म्हणून मूठभर काहीतरी वेचून आणलं. त्यात निम्मे मसुराएवढे पांढरट मणी होते. बादल्या, बाटल्या ज्यापासून बनतात ते प्लॅस्टिकचे कच्चे दाणे. आणि दोन काळे, पापुद्र्यासारखे तुकडे. बोटात धरले तर चुरा झाला. तो चुरा मी ओळखला. आमच्या टरबुजाच्या वावरात तो पायाला चिकटतो.

माझं माहेर गंगथडीचं, गंगाखेडजवळ. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. दिवाळीच्या आसपास घरून फोन आला की एकच विषय असतो: जायकवाडीत किती टक्के? 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नगर-नाशिकने वरून पाणी सोडायचं, हा नियम आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तोंडपाठ आहे. त्यासाठी मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. हे भांडण रास्तच आहे, मी त्यात आमच्याच बाजूची. पण इतक्या वर्षांत पाणी किती आलं, यावरच बोललो आपण. पाण्याबरोबर काय आलं आणि आपण पुढे काय सोडलं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

नदीकाठी राहणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी खालचा असतो आणि कुणाच्या तरी वरचा. इथे राहून मला हे नीट कळलं. 2015 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी ऱ्हाईनच्या पृष्ठभागावरचे मायक्रोप्लॅस्टिकचे कण मोजले, तेव्हा दिवसाला 19 कोटींहून अधिक कण समुद्राकडे जातात असा अंदाज निघाला. मायक्रोप्लॅस्टिक म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे. डच लोकांना म्हणता आलं असतं, हे सगळं जर्मनी-स्वित्झर्लंडहून आलं. काही म्हणतातही. पण इथल्या गाड्यांच्या टायरची झीज याच पाण्यात जाते, हेही त्यांना मान्य करावं लागतं.

आमच्याकडचे तुकडे कुठून येतात, ते मी मागच्या उन्हाळ्यात बघितलं. दादाने दोन एकरांत मल्चिंग पेपर अंथरून टरबूज घेतलं होतं. नावाला पेपर, खरं तर प्लॅस्टिकचा पातळ काळा पडदा; आमच्याकडे त्याला कागदच म्हणतात. कागद 25 मायक्रॉनचा. तण येत नाही, ओल टिकते, पाणी वाचतं. दुष्काळी मुलखात याला नावं ठेवणारी मी कोण? पण माल निघाल्यावर उन्हाने कडक झालेला कागद ओढायला गेलं की हातात चिंध्या येतात. एक सरी सोलायला मला आणि वहिनीला अख्खी सकाळ लागली. मजुरी परवडत नाही. मी विचारलं, बाकीच्याचं काय? दादा म्हणाला, "काय करतंय बाई, रोटा मारला की जातंय मातीत."

मातीत जातंय, पण राहत नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपास 2015 च्या हिवाळ्यातल्या पुराआधी आणि पुरानंतर नद्यांच्या तळाचा गाळ तपासला, तर साठलेल्यापैकी सुमारे 70 टक्के मायक्रोप्लॅस्टिक पुराने धुऊन नेलं होतं. 2025 च्या सप्टेंबरात जायकवाडीचे दरवाजे उघडले, गंगा वावरांत शिरली. पाणी ओसरल्यावर दादाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, काठच्या बाभळींना माणसाच्या उंचीवर काळ्या चिंध्या लोंबत होत्या. त्या दिसल्या तरी. ज्या बारीक होत्या त्या नांदेडकडे गेल्या. काही वाटेतल्या धरणांत बसतील, काही राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरापर्यंत.

गावाकडे हे बोलले की लगेच उत्तर येतं, युरोपने जग घाण केलं, आता आम्हाला शिकवता. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. इथला माणूस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्लॅस्टिक वापरतो आणि त्यातलं काही परदेशी रवानाही होतं. पण गंगेतला कागद युरोपने टाकलेला नाही. आणि आपल्याकडे 2018 पासून प्लॅस्टिकबंदी आहे, ती मुख्यतः भाजीवालीच्या कॅरीबॅगपुरती. तिला दंड करायचा आणि वावरात अंथरायच्या कागदाला निम्मं अनुदान द्यायचं, उचलायचं कसं ते सांगायचं नाही, हे मला पटत नाही.

इथे 2021 पासून छोट्या बाटलीवरही 15 सेंट अनामत आहे. बाटली परत दिली की पैसे परत. यात परदेशी काही नाही. लहानपणी गंगाखेडच्या दुकानात थंड्याची काचेची बाटली परत दिल्याशिवाय आमची अनामत सुटत नव्हती. मल्चिंगच्या बंडलावर तशीच अनामत लावा, कृषी केंद्रावर वजनाने परत घ्या, आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या पावतीवर सोडा. कागद थोडा जाड ठेवला तर तो सोलून निघेल तरी.

दादाने यंदा जमेल तेवढा कागद गोळा केला. युरियाच्या सहा गोण्या भरून गोठ्यामागे ठेवल्यात. भंगारवाला दोनदा येऊन गेला. माती लागलेला माल तो घेत नाही. काल दादाने विचारलं, "ह्याचं आता काय करू?" पाऊस महिन्यावर आलाय.